झोपेतली नाडी

पाचूबंदरच्या एका तांडेलाने आपल्या बायकोची नाडी बरोबर मोजली होती. तो चुकला नव्हता. एवढं साधं वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. माझ्या बायकोजवळ नाही, ज्याच्याबरोबर निम्मं आयुष्य काम केलं त्या सर्जन मित्राजवळ नाही, आणि ज्याला ते ऐकायचा हक्क होता त्या तांडेलाजवळ तर नाहीच.

मी फिजिशियन आहे. वसईत दवाखाना आहे. ऑपरेशन मी करत नाही. ऑपरेशनआधी माणूस तयार आहे की नाही ते बघतो. साखर, रक्तदाब, हृदय, फुफ्फुसं. आमच्यात याला 'फिटनेस देणं' म्हणतात. बहुतेकांचं एका भेटीत उरकतं. ज्यांची थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते त्यांचं मात्र तसं नसतं. त्यांचं हृदय बसल्या जागी धावत असतं, हात थरथरतात, वजन उतरतं, झोप उडते. अशा माणसाला तसंच टेबलावर घेतलं, तर ग्रंथीला हात लागल्यावर तिच्यातलं सगळं एकदम रक्तात उतरू शकतं. मग ताप चढतो, नाडी हाताला लागेनाशी होते, माणूस भ्रमात जातो. ते आवरणं फार अवघड. म्हणून आधी काही महिने गोळ्या देऊन ग्रंथी शांत करायची, रक्त तपासून ती खरोखर शांत झाल्याची खात्री करायची, शेवटच्या काही दिवसांत आयोडीनचे थेंब द्यायचे म्हणजे तिच्यातलं रक्त कमी होतं, आणि मग सर्जनला सांगायचं, 'तयार आहे.' माझं काम त्या दोन शब्दांसाठी असतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा होळी नुकतीच झाली होती. मच्छी मार्केटात बसणारी, पन्नाशीच्या आसपासची, ख्रिस्ती कोळी घरातली. मान पुढून अशी भरलेली की गळ्यातली क्रुसाची साखळी वर आडवी बसली होती. मागोमाग नवरा, काळा, उंच, हातात तिची पिशवी. स्वतःच्या होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य. दर्यावर त्याचा शब्द शेवटचा असेल. माझ्या खोलीत तो तिच्या मागे उभा राहिला आणि मी 'बसा' म्हटल्यावरही उभाच राहिला.

"डाक्टर, सर्जननं तुझेकडं धाडलंय," ती म्हणाली. त्या बाजूच्या बायका कुणालाही तू म्हणतात, त्यात अपमान नसतो. "कापतो म्हने मान. पन आधी तू मना नरम करनार."

"तुम्हाला नाही हो बाय, ग्रंथीला नरम करणार."

"मना नरम करून दाव, मग तुला मानीन," असं म्हणून तिने नवऱ्याकडे बघितलं. "यान्ला तीस वर्सांत जमलं नाय."

तांडेल हसला नाही, पण त्याचे कान हलले. पुढे मला कळलं की तो तसाच हसतो.

मी तिला दोन्ही हात समोर पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. ही माझी जुनी सवय. नुसत्या हाताची बारीक थरथर डोळ्यांना चुकवते. कागद सगळं दाखवतो. तो कागद वाऱ्यावर असल्यासारखा फडफडायला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला.

"कोयता धरला की असाच करतो हात," ती म्हणाली. "गिऱ्हाईक घाबरतं. परवा एक जन बोलली, मावशी राहू द्या, मी घरी कापीन. आता मी म्हावरं कापायचं नाय तर करायचं काय?"

मी दोन गोळ्या लिहिल्या. एक ग्रंथीचं काम कमी करणारी, तीच खरी. दुसरी हृदयाची धडधड आणि हाताची थरथर आवरणारी. ही दुसरी गोळी रोग बरा करत नाही, पेशंटला आराम देते. कितीदाही समजावलं तरी तिने त्यांची नावं ठेवली ती ठेवलीच: मानेची गोळी आणि हाताची गोळी. पुढे मीही तेच म्हणू लागलो, म्हणून इथेही तेच म्हणतो.

ऑपरेशन कधी, हा प्रश्न तांडेलाने विचारला. त्या दिवशीचं त्याचं ते पहिलं वाक्य.

पावसाळ्याचे दोन महिने मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर प्लास्टिक. पाचूबंदरला काय, अर्नाळ्याला काय, घरातली राहिलेली सगळी कामं या दिवसांत होतात. जाळी विणणं, घरावरचा पत्रा बदलणं, आणि दुखणी काढणं. हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशयाची पिशवी, सगळं बंदीत. आम्ही डॉक्टरही हे धरून चालतो. नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या की घरातल्या कुणाला आजारी पडायला वेळ नसतो, आणि मार्केटात जागेवर बसलं नाही तर जागेवर दुसरी बसते.

"बंदीत होईल?" तो म्हणाला.

मी मनात हिशेब केला. मार्चपासून जुलै. "सगळं नीट चाललं तर होईल. पण ग्रंथी शांत झाल्याशिवाय हात लावायचा नाही. तिने मनावर घेतलं तर आत वादळ उठतं."

"म्हंजे वारा पडल्याबिगर होडी काढायची नाय."

"अगदी तेच."

"मग वारा पडला ते कलनार कसं?"

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी त्याला नाडी मोजायला शिकवलं. दवाखान्यात पेशंट घाबरलेला असतो, इथली नाडी खोटी. खरी नाडी झोपेतली. पहाटे, माणूस गाढ झोपलेला असताना, त्याला न उठवता मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि घड्याळ बघून मिनिटभर मोजायचं. हे काम कुणा नातेवाइकाला सांगावं लागतं, आणि बहुतेक नातेवाईक चार दिवस करतात आणि मग अंदाजाने आकडा सांगतात. तांडेल भरतीच्या वेळेनुसार उठणारा माणूस. त्याने माझ्या समोर तिचं मनगट हातात घेतलं, बोटं कुठे ठेवायची ते दोनदा विचारलं, आणि ओठ हलवत मोजलं. मी दुसऱ्या हाताची मोजत होतो. आमचा दोघांचा आकडा एकच आला.

"हात सोड आता," ती म्हणाली. "डाक्टरसमोर काय हात धरून उभा ऱ्हायलास, म्हातारा मेला."

त्यानंतर दर भेटीला तो आकडे तोंडपाठ सांगायचा. ती तक्रार करायची. "झोपेत कोन हात धरतं म्हनून मी डोळे उघडते, तं हा देवचारासारखा वर वाकून मोजतंय. मी बोलले, अरे मेले नाय अजून." पण तिचं वजन भरत होतं. मेच्या शेवटी कागद बोटांवर स्थिर राहिला आणि तिने तो घडी घालून पिशवीत टाकला, घरी दाखवायला. जूनच्या सुरुवातीचा रक्ताचा रिपोर्ट छान होता. सर्जनला मी सांगितलं, जुलैअखेर धरून ठेव.

आता पुढचं.

मानेच्या गोळीत एक धोका आहे. फार थोड्यांना होतो, पण झाला तर वाईट. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम उतरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. त्याची पहिली खूण म्हणजे घसा दुखणं आणि ताप. म्हणून ही गोळी देताना प्रत्येकाला बजावून सांगायचं असतं: घसा धरला, ताप आला, तर गोळी थांबवा आणि मला कळवा. मी तिला बजावलं होतं. आणि तिने तसंच केलं.

जूनच्या शेवटी दवाखाना भरलेला असताना तिचा फोन आला. घसा धरलाय, अंग कोमट आहे. मी म्हटलं, मानेची गोळी लगेच बंद करा, रक्त तपासा, मी रिपोर्ट बघून सांगतो परत कधी सुरू करायची ते. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबवाल्याचा फोन आला. पेशी उत्तम होत्या. नुसती सर्दी होती. गोळी त्याच दिवशी परत सुरू करायला हरकत नव्हती. मी ठरवलं, संध्याकाळी दवाखाना आटोपला की फोन करू.

त्या संध्याकाळी मी जूचंद्रला एका मित्राच्या नव्या घराच्या जेवणाला गेलो. चांगलं जेवण होतं. गच्चीवरून त्याने मला सगळी नवी बांधकामं दाखवली. घरी आलो, झोपलो. फोन राहिला. दुसऱ्या दिवशी आठवला नाही, तिसऱ्या दिवशी तर आठवायचं काही कारणच उरलं नाही. मी खूप वर्षं यासाठी काहीतरी मोठं कारण शोधलं. माझी आई आजारी असती, घरात काही घडलं असतं. तसं काही नव्हतं. मी जेवायला गेलो होतो.

ती मात्र माझ्या फोनची वाट बघत थांबली. डॉक्टरने बंद केली म्हणजे डॉक्टर सुरू करेल. हाताची गोळी चालू होती, त्यामुळे थरथर नाही, धडधड नाही. तांडेल रोज पहाटे मोजत होता आणि आकडा रोज छान येत होता. येणारच. ती दुसरी गोळी नाडीला धरून ठेवते. खाली ग्रंथी परत पेटलेली असली तरी मनगटावर काही कळत नाही.

जुलैच्या मध्यावर ती फिटनेससाठी आली. पावसाने रस्त्यावर पाणी होतं, तांडेल बाहेर स्कूटरपाशी कुणाशी तरी डिझेलच्या भावाबद्दल बोलत थांबला होता, म्हणून ती एकटीच आत आली. ते तसं झालं नसतं तर पुढचं वेगळं झालं असतं, असंही मी कधीकधी म्हणून बघतो. मी नाडी घेतली. सुरेख. कागद ठेवला. हलला नाही.

"गोळ्या वेळेवर ना?"

"हाताची घेते. मानेची तू बंद केलीस नाय?"

मी लिहीत होतो. पेन थांबलं नाही, एवढं मला आठवतं. मी लिहीतच राहिलो आणि काय लिहितोय ते मला दिसत नव्हतं.

"घसा कधी बरा झाला?"

"तवाच. तिसऱ्या दिवशी सुकट घेऊन बसले मार्केटात." ती माझ्याकडे बघत होती. "काय झालं? घ्यायची होती?"

"आजपासून परत सुरू करा," मी म्हणालो. "आणि हे थेंब देतो. दुधातून घ्यायचे."

"बरं," ती म्हणाली.

तिला शंका आली नाही. आली असती तर ती तोंडावर बोलली असती. ती तशी होती. मी तेव्हा एवढंच करायला हवं होतं: रक्त परत तपासायचं, ऑपरेशन दीड-दोन महिने पुढे ढकलायचं, आणि दोघांना समोर बसवून सांगायचं की माझ्याकडून फोन राहिला. रक्त मी पाठवलं नाही. रिपोर्ट आला असता तर मला थांबावं लागलं असतं, आणि थांबायचं कारण सांगावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की थेंब आणि हाताची गोळी मिळून निभावून नेतील. घाईच्या वेळी तसं करतातही, पुस्तकात आहे. पण इथे घाई कसलीच नव्हती. घाई मला होती.

त्यानंतर मी जे केलं ते मला फोनच्या विसरण्यापेक्षा जास्त टोचतं. मी तांडेलाला आत बोलावलं आणि विचारलं, "काय तांडेल, बंदी संपायच्या आत उरकायचं ना? की दिवाळीनंतर बघायचं?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी बोलाल तसं."

"तुमची अडचण होईल म्हणून विचारतो."

"तसं असंल तं आताच करा," तो म्हणाला. "नंतर होडी जाईल. नाडी बरी हाय, मी रोज मोजतंय."

झालं. त्याच्या तोंडून वदवून घेतलं. अर्धी गोष्ट लपवून मी त्याला निर्णय घ्यायला लावला आणि तो निर्णय त्याचा झाला. संध्याकाळी सर्जनने विचारलं, "तयार आहे ना रे बाई?" मी म्हणालो, "तयार आहे. घरचे पण घाईत आहेत."

आयोडीनच्या थेंबांवरून तिने घर डोक्यावर घेतलं असावं. दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, "दुधात खिळे उकळल्यासारखं लागतं. मांजरीला दिलं तं मांजर उठून गेली." ते आमचं शेवटचं चांगलं बोलणं. तेव्हाही मी म्हणू शकलो असतो, की बाय, थांबू या.

ऑपरेशन सकाळी झालं. रक्त जरा जास्त गेलं, पण सर्जन खूश होता. ती शुद्धीवर आली, घोगऱ्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "हात नको धरू, मोजायचं संपलं आता." आम्ही सगळे हसलो. मी दवाखान्यात परत आलो.

दुपार कलल्यावर सिस्टरचा फोन आला. ताप चढतोय. मी पोचेपर्यंत तो खूप चढला होता. नाडी मोजायला कठीण. अंगाला घाम, डोळे भिरभिरते, आणि ती बोलत होती. सलग. आधी मला कळेना, मग कळलं. ती मार्केटात बसली होती. "घे गो बाय, पापलेट घे, डोळे बघ त्याचे. नाय, कमी नाय. बोंबील बघ कसा काचेसारखा. तू सकाळचं पयलं गिऱ्हाईक, तुला नाय म्हनेन का." टाके घातलेल्या मानेतून तो आवाज येत होता, आणि तिचा उजवा हात चादरीवर कोयता चालवत होता. तांडेलाला वाटलं ती मस्करी करतेय. तो तिच्या उशाशी वाकून म्हणाला, "पुरं गं, विकलं सगळं." आणि मग तिने त्याच्याकडे बघितलं तेव्हा ती त्याला ओळखत नव्हती.

त्या वेळी जे करायचं असतं ते आम्ही सगळं केलं. बर्फ, औषधं, शिरेतून एकामागून एक. ते मी प्रामाणिकपणे केलं. मुंबईच्या बाजूला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रुग्णवाहिकेत मी तिच्याजवळ बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली.

तांडेल तिच्या पायांशी उभा होता. बसा म्हटलं तरी तो बसायचा नाही, पहिल्या दिवसासारखाच. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "डाक्टर, नाडी मोजायला मी चुकलो काय?"

मला उत्तर माहीत होतं. एका शब्दाचं होतं. 'नाही.' ते म्हटलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, मग कसं झालं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आता त्याचा विचार करू नका."

त्याने मान हलवली. माझा हात त्याच्या खांद्यावर होता तेवढ्यात ते सगळं ओझं मी त्याच्यावर ठेवलं आणि हात काढून घेतला.

मातीला मी गेलो. शेवटच्या बाकावर बसलो होतो, पण तिच्या दिराने मला हाताला धरून पुढे नेलं. डॉक्टर आहेत, मुंबईपर्यंत बरोबर गेले, रडत होते. खरंच रडत होतो. पुढच्या बाकावर घरच्यांच्या शेजारी मी बसलो आणि फादर तिच्या कष्टांबद्दल बोलत होते. सर्जन मित्राने महिनाभराने एकदा विषय काढला. "रिपोर्ट चांगला होता ना रे तिचा?" "चांगला होता," मी म्हणालो. जूनचा होता हे मी सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. त्यानेही ती रात्र आपल्या नावावर घेतली असेल, कोण जाणे. तेव्हापासून मानेच्या ऑपरेशनला तो पूर्वीसारखा गुणगुणत जात नाही.

दर वर्षी हंगाम सुरू झाला की पाचूबंदरहून माझ्या घरी पहिल्या म्हावऱ्यातला वाटा येतो. केळीच्या पानात गुंडाळलेला, वर बर्फ. पहिल्या वर्षी तांडेल स्वतः आला होता. "ती असती तं तिनंच निवडून दिलं असतं," म्हणाला. माझी बायको म्हणते, किती जाण आहे या लोकांना. ती ते निगुतीने साफ करते, आंबट घालून कालवण करते, दोन तुकडे तळते. मला वाटायचं आपल्याला ते घशाखाली उतरणार नाही. उतरतं. मी दर वर्षी खाल्लं आहे. चव लागते.

हे सगळं असंच राहिलं असतं. मी बोलणाऱ्यांतला नाही, आणि न बोलण्याची सवय एकदा अंगी लागली की ती स्वभावासारखी दिसायला लागते.

गेल्या वर्षी तांडेल त्याच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आला. ती लग्न करून विरारला मनवेलपाड्यात राहते, अंधेरीला ऑफिसात जाते. मान आईसारखीच पुढून भरलेली. हा रोग घरात चालतो. मी बोटांवर कागद ठेवला आणि कागद फडफडायला लागला, तेव्हा तांडेल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

मी म्हणालो, "मुंबईत एक फार चांगले आहेत. चिठ्ठी देतो."

"दुसऱ्याकडं कशाला?" तो म्हणाला. "हिच्या आईसाठी तुमी किती धावले. मी बघितलं ना."

मुलगी म्हणाली, "पप्पा कुणाचं ऐकणार नाहीत, डॉक्टर. तुमच्याशिवाय दुसरा डॉक्टर त्यांना माहीतच नाही. चला, सुरू करा."

सुरू केलं. गोळ्या समजावल्या. घसा आणि ताप समजावला, तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. शेवटी सवयीने तोंडातून गेलं, "आणि पहाटे झोपेतली नाडी कुणीतरी मोजायची."

"पप्पा येतील ना राहायला माझ्याकडे," मुलगी पटकन म्हणाली. "आईची तेच मोजायचे."

तांडेलाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. एवढा मोठा माणूस, शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरासारखा. "मी नाय," तो म्हणाला. "माझी मोजनी खोटी. एकदा बघितलं ना काय झालं ते."

"पप्पा, असं काय बोलता?"

"नाय म्हनजे नाय. तुझे अंगाला हात लावनार नाय मी मोजायला."

मुलगी माझ्याकडे बघत होती, मी काही म्हणेन म्हणून. खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लावलेलं होतं. बाहेर चार पेशंट असतील, ते थांबले असते. यापेक्षा सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "हल्ली घड्याळंही मोजतात."

"हो, हे बघा ना!" तिने मनगट पुढे केलं. "झोपेत पण मोजतं, सकाळी सगळं दाखवतं. सुटलात तुम्ही पप्पा."

"बरं झालं," तांडेल म्हणाला.

तिच्या बाबतीत मी काहीही राहू दिलं नाही. रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. घड्याळावर विसंबलो नाही, नाडीवर विसंबलो नाही. एकदा रिपोर्ट मनासारखा नव्हता म्हणून तारीख पुढे ढकलली आणि कारण तिला स्पष्ट सांगितलं. सांगणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं. ती 'ओके' म्हणाली आणि ऑफिसला रजा बदलायला फोन लावला. ऑपरेशन यंदा झालं, बंदीचे दिवस नसताना, होडी पाण्यात असताना. तांडेलाने दुसऱ्याच्या हाती होडी दिली आणि तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून राहिला. मुलगी दुसऱ्या दिवशी पेज प्यायली, तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना आपल्या सासूची नक्कल करून दाखवली. आवाज स्वच्छ. आईचाच.

जाताना तांडेलाने माझे दोन्ही हात धरले. तळवे जाळ्याच्या दोरीने चिरलेले, जुन्या चिरांवर नव्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कान हलले होते.

"या टायमाला घड्याळानं मोजलं," तो म्हणाला, "म्हनून पोर वाचली."

मी त्याचे हात तसेच धरून ठेवले. त्याची बोटं माझ्या मनगटावर आली होती, तीन बोटं, बरोबर जागेवर. त्याच्या ते लक्षात नव्हतं.

घरी आल्यावर मी हे लिहायला बसलो. तांडेलाला वाचायला फारसं जमत नाही, मुलगी वाचून दाखवते. म्हणजे हे छापून आलं तर त्याला तिच्या तोंडून कळेल, आणि तसं कळू देणं ही माझी आणखी एक पळवाट होईल. म्हणून आधी मला पाचूबंदरला जायचं आहे. अजून गेलेलो नाही.

मी त्याचं एवढं देणं लागतो: त्याच्या दारात उभं राहून, तो बसा म्हणाला तरी न बसता, सांगायचं की तुमची मोजणी बरोबर होती, गोळी मी बंद केली आणि परत सुरू करायला विसरलो, हे मला ऑपरेशनच्या आधी कळलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही.